राखून ठेवलेले सात शब्द

माझं डोकं ठिकाणावर नाही असं गंगव्वा, म्हणजे माझी आई, मी आठ वर्षांचा असल्यापासून सांगत आलीय. तिचं कुणी मनावर घेतलं नाही. आता गेले बारा दिवस ते खरंच ठिकाणावर नाही, आणि देवाशप्पथ सांगतो, मला त्यात मजा वाटायला लागली होती.

बारा दिवसांमागं मॅचमध्ये एका आडदांड गड्याचा गुडघा माझ्या कानावर बसला. मी रग्बी खेळतो. हौस म्हणून नाही, पोटासाठी. चौदा वर्षं झाली. लोक विचारतात, "म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात तेच ना?" अहो नाही! हेल्मेट नाही न् बिल्मेट नाही. लांबोडका चेंडू, एकेका बाजूला पंधरा माणसं, आणि हातानं चेंडू द्यायचा तर मागच्याच गड्याला द्यायचा. पुढं जायचं ते छातीशी धरून, पळत. दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी अडकवून एकमेकांना रेटतात, त्यात पहिल्या ओळीत मान घालतो तो प्रॉप. तो मी, महांतेश. निपाणीहून या मोठ्या कानडी शहरात आलो तेव्हा यशवंतपूरच्या बाजारात बापाबरोबर कांद्याची पोती उचलायचो. मान तिथंच तयार झाली.

तर गुडघा बसल्यापासून शहराचा आवाज कुणीतरी बारीक केलाय. ऑटोचे हॉर्न रजईच्या आतून ऐकू यावेत तसे येतात. सकाळी राजाजीनगरच्या आमच्या गच्चीवर बसलो की समोरच्या झाडाची गुलाबी फुलं गळताना दिसतात. एक सुटतं, खाली यायला लागतं, आणि मध्येच हवेत थांबतं. थांबत नसणार, मला कळतंय. पण मी त्याच्याकडं बघत बसतो, ते माझ्याकडं बघत बसतं, आणि दोघांनाही कसली घाई नसते. खालून बायको हाक मारते, "अहो, इडली गार झाली!" मी "आलो" म्हणतो. ती वर येऊन बघते तर दहा वाजलेले असतात.

अनसूया माझी बायको. तिला मी सांगितलं होतं, सगळं सरी आहे. सरी म्हणजे ठीक. इथं राहून राहून आमच्या तोंडात तेच बसलंय. मंगळवारचं मात्र तिला सांगितलं नाही.

मंगळवारी भाजी आणायला निघालो. कोणती बस धरली ते आठवत नाही. चामराजपेटेत उतरलो, ओळखीच्या गल्लीत शिरलो, निळ्या दाराशी चपला काढल्या, आत खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "अनू, चहा टाक." खिडकीतून ऊन तसंच येत होतं, पायाखालची तिसरी फरशी तशीच फुटलेली होती. फार बरं वाटलं. आतून एक बाई आली, ती अनू नव्हती. ते घर आम्ही पाच वर्षांपूर्वी सोडलंय! बाई पण भली. ओरडली नाही, काही नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं, "कूतकोळ्ळी अण्णा," म्हणाली, म्हणजे बसा, आणि स्टीलच्या पेल्यात कॉफी आणून दिली. मी ती पिऊन, पेला विसळून, चपला घालून निघालो. घरी सांगितलं, बाजार बंद होता. अनू म्हणाली, "काय तरी बोलू नका, मी आत्ता कोथिंबीर आणली तिथनं."

आता परीक्षेचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं होतं. आमच्या क्लबात नवीन खेळाडू आला की डॉक्टर त्याला दहा शब्द वाचून दाखवतात. इकडचं तिकडचं बोलतात आणि पाच मिनिटांनी विचारतात, सांग बघू. जितके आठवतील तितके फायलीत लिहितात. पुढं कधी डोक्याला मार बसला की नवे दहा शब्द घेऊन तीच परीक्षा. पहिल्याइतके आठवले तर खेळ, नाहीतर घरी बस.

आणि आमची जात कसली बेरकी! पहिल्याच दिवशी पद्मनाभ अण्णानं, म्हणजे तेव्हाच्या आमच्या जुन्या प्रॉपनं, बूट काढता काढता मला शिकवलं, "तम्मा," म्हणजे धाकट्या, "आज स्वल्प मठ्ठ राहायचं. दहा आठवले तरी तीनच सांग. उद्या डोकं फुटलं तरी तीन कुठं जात नाहीत." सगळे हसले. सगळ्यांनी तेच केलेलं. पुढं मीही कितीजणांना तेच शिकवलं, मोठ्या ऐटीत.

माझ्या वेळी मी सुई, दगड, चमचा एवढंच सांगितलं आणि डोकं खाजवलं. उरलेले सात माझ्याकडं राहिले. कंदील, पेरू, घोंगडी, विहीर, मांजर, दोरी, मीठ. प्रत्येक मॅचआधी बुटाची नाडी बांधताना मी ते पुटपुटायचो. देवाचं नाव घ्यावं तसं. श्रीलंकेत दोन हंगाम खेळलो, तिथं मैदानावर सकाळी धुकं उतरायचं, रेटारेटीत आमच्या सोळा जणांच्या पाठीतून वाफ निघायची, आणि माझ्या कानात आपलं कंदील, पेरू, घोंगडी चाललेलं असायचं. त्या धुक्यात मी जितका सुखी होतो तितका कुठंच नव्हतो, हे अनूलाही माहीत आहे.

तिथल्याच क्लबचा माणूस या रविवारी मला बघायला येणार होता. पसंत पडलो तर आणखी दोन वर्षं. तेहतीस वर्षांच्या प्रॉपला परत कोण विचारतंय? रविवारी मैदानात उतरलो नाही तर चौदा वर्षांचा खेळ तिथंच संपला. आणि उतरायचं तर शुक्रवारची परीक्षा पास व्हायला हवी होती.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर नीला मॅडमच्या खोलीत बसलो. त्यांचे वडील पुण्याहून इथं आलेले शास्त्रज्ञ. मॅडमचं मराठी पुण्याचं, स्वच्छ. आईच्या भाषेतच परीक्षा घ्यायची असा त्यांचा नियम. त्या सावकाश वाचत गेल्या आणि मी ऐकत गेलो. आरसा म्हणाल्या, मला आरसा दिसला. कुलूप म्हणाल्या, कुलूप दिसलं. चिंच म्हणाल्या, तर तोंडाला पाणी सुटलं. पुढं प्रत्येक शब्द छान चमकायचा आणि दुधात साखर विरावी तसा जायचा. मला काहीच वाईट वाटत नव्हतं. मग त्यांनी महिने उलटे म्हणून घेतले, एका पायावर उभं केलं, गंगव्वाची तब्येत विचारली.

"हं, आता सांगा."

"आरसा. कुलूप. चिंच." मी थांबलो. खरंच शोधलं हो! आत सगळं पांढरं, धुक्यासारखं, आणि त्यात कुणी नाही. "बास."

त्यांनी फाईल उघडली. "तीन. आणि तुमचे मूळचेही तीनच." त्या हसल्या. "तुम्ही मुळातच विसराळू आहात, महांतेश. डोकेदुखी नाही, तोल चांगला आहे. रविवारी खेळा. मी सही करते."

जिंकलो! धुकं, वाफ, दोन वर्षं, सगळं एका सहीवर आलं. मी खाली वाकून नाडी बांधायला लागलो आणि सवयीनं तोंड चालू झालं.

"कंदील, पेरू, घोंगडी, विहीर..."

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

देवाचं काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मला एकदम ती चामराजपेटेची बाई आठवली. परक्या घरात चपला काढून बसलेला माणूस, आणि त्याला मजा वाटतेय. उद्या मी आमच्याच घरात असाच बसेन, अनू कॉफी आणून देईल आणि मी तिला म्हणेन, तुम्ही भल्या आहात बाई. मला भीती वाटली. चौदा वर्षांत समोरच्या सव्वाशे किलोच्या गड्याची वाटली नव्हती, तेवढी वाटली.

"ते माझे पहिले शब्द," मी म्हणालो. "पहिल्या परीक्षेतले. मला दहाच्या दहा येत होते, मॅडम. तीन सांगितले, सात ठेवून घेतले."

त्यांनी फाईलमधला तो पिवळा पडलेला कागद काढला. बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

"असं किती जणांनी केलंय?"

"सगळ्यांनी. काहींना मीच शिकवलंय."

त्यांनी फाईल तशीच, सहीशिवाय मिटली. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग मी विचारलं, "आज मी किती लपवले असं वाटतंय तुम्हाला?"

"तुम्ही सांगा."

"एकही नाही."

मॅडमनी आजचा कागद माझ्यासमोर धरला आणि दहाही शब्द पुन्हा वाचले, सावकाश. आरसा, कुलूप, चिंच. पुढचे सात मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बाहेर आलो. मैदानाच्या कडेला झाडाखाली गुलाबी फुलांचा सडा पडला होता. आमची पोरं रेटारेटीचा सराव करत होती, त्यांच्या पाठीतून थोडी वाफ निघत होती. माझ्या जागी दुसऱ्या कुणाची तरी मान होती. मी पोटभर रडलो आणि मग अनूला फोन लावला.

"मला न्यायला ये," म्हणालो. "एकट्यानं आलो तर बस चुकेल."