उपाशीपोटी सुई

शालिग्रामनं ताट भिंतीवर भिरकावलं तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते. "हे काय मानसाचं खानं हाय? ढोरं बी थुकतीन याच्यावर!" गोड शुगरनं नेलं, मीठ बीपीनं नेलं. अडुसष्टाव्या वर्षी त्याच्याकडं उरला होता तो राग, आणि तो कमी करायची गोळी मेडशी गावात कोणाकडंच नव्हती.

त्याची बायको रुख्मिणी हिनं भिंतीवरचं अळणी वरण पुसलं आणि इन्शुलिनची सुई भरली. सुई एक दिवसही चुकवायची नाही, असं दवाखान्यातल्या नर्सबाईनं बजावलं होतं. जेवला नाही तर नाही, सुई चुकायला नको! शहाणपण म्हणावं तर हे असं. शालिग्रामनंही सदरा वर केला. गावातल्या मारोतरावाचा पाय शुगरपायी कापल्यापासून सुईच्या बाबतीत त्याची कुरकुर नसे. मग तो ओट्यावर रुसून बसला.

दहाच्या सुमारास तो आत आला. घामानं निथळत होता, डोळे भलतेच झाले होते.

"जेवता काय आता?" तिनं विचारलं.

त्यानं खलातला लोखंडी बत्ता उचलला आणि तिच्या खांद्यावर हाणला. ती कळवळून मोरीकडं पळाली. तो काहीबाही बरळत मागं आला.

लग्नानंतर पंधरा वर्षं तिनं असाच मार खाल्ला होता, एकदा तर पोटुशी असताना. पोरं मोठी झाली तेव्हा कुठं तो थांबला. म्हातारपणी पुन्हा सुरू झालं, असं तिला वाटलं आणि तिचं डोकंच फिरलं. तिनं कपडे बडवायची मोगरी उचलली. पहिल्याच फटक्यात त्याच्या हातातला बत्ता गळाला. तिथं थांबायला हवं होतं. पाठीवर, मांडीवर, बरगडीवर. तो कोसळला तरी तिचा हात चालूच होता. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं.

मग तो हलेना.

आरडाओरडा ऐकून शेजारी राहणारी गावची आशा सेविका पौर्णिमा धावत आली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. अंग थंडगार होतं.

"काकू, जेवले व्हते काय हे?"

"नाई. ताट फेकलं."

"अन् सुई?"

"देल्ली ना. सुई कशी चुकवू?"

"अवो, उपाशीपोटी सुई देल्ली त शुगर पार खाली जाते! मानूस येड्यावानी करते, अंगावर धावते, अन् जीवानं जाते. साखर आना!"

तो चोरून खाईल या भीतीनं साखर पेटीत कुलूपबंद होती. किल्ली सापडेना. रुख्मिणीनं त्याच बत्त्यानं कुलूप फोडलं. पौर्णिमानं एकशेआठला फोन लावला, त्याला कुशीवर वळवलं आणि चिमूट चिमूट साखर गालाच्या आत चोळत राहिली. रुख्मिणी त्याचे पाय धरून रडत होती, "मरू नोका, मरू नोका."

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. बरगडी धरून कण्हला.

"मले कोनं मारलं वं?"

पडला म्हणून सांगता आलं असतं. पौर्णिमानं तशी खूणही केली.

"म्या," रुख्मिणी म्हणाली.

"काहून? म्या काय केलं?"

"आज तुमी शुद्धीत नव्हते. आजचा एकच फटका देल्ला म्या. बाकीचे जुने व्हते."

जुनं शालिग्रामला सगळं आठवत होतं. त्यानं मान खाली घातली.