शनीवरचा समुद्र

लिफ्टदुरुस्तीत बत्तीस वर्षं काढली की माणसाला दोन सवयी लागतात. कशावर पटकन विश्वास ठेवायचा नाही आणि सगळ्याची नोंद करायची. निवृत्तीनंतर मी वाचनालयातून विज्ञानकादंबऱ्या आणि साहसकथा आणायला लागलो, तेव्हा जुन्या नोंदवहीच्या उरलेल्या पानांवर माझे अभिप्राय लिहू लागलो. एका कादंबरीतलं अंतराळयान तीनशे मजल्यांचं. लिफ्ट चाळीस आणि मेकॅनिक एकही नाही! 'लेखक आयुष्यभर तळमजल्यावरच राहिला असावा,' असं मी लिहिलं. दुसरीत खजिना शोधणारे चौघं एकाच दोराला सात दिवस लटकतात, आणि दोर कुणी तपासत नाही. ती मी अर्ध्यावर मिटली.

मग शनीची कादंबरी हाती आली. पहिली शहाण्णव पानं यथातथाच. शहाण्णवाव्याच्या शेवटी कप्तान यानाचं दार उघडतो, आणि सत्त्याण्णवाव्यावर थेट समुद्र! शिडं, वादळ, डोलकाठीला स्वतःला बांधून घेतलेला कप्तान. त्याला एका पानात छातीपर्यंत दाढीही आली. पण अंतराळात काळ वेगळा चालतो म्हणतात. सोळा पानांनी लेखक वादळ तसंच सोडून पुन्हा शनीपाशी हजर. खुलासा म्हणून एक शब्द नाही. मी दोनदा वाचलं आणि वहीत लिहिलं, 'याला म्हणतात छाती. लेखकाला मानलं.'

रविवारी सकाळी दादाकडे गेलो. दादा बाइंडर आहे. वाचनालयाची खिळखिळी पुस्तकं चाळीस वर्षं तोच बांधतो. घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. सगळीकडे खळीचा वास आणि कागदाच्या कातरणी. इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण त्याने वाचलं एकही नाही. मी शनीवरचा समुद्र अगदी हातवारे करून सांगितला. वहिनी हसत होती. दादाची सुई मात्र थांबली.

"कुठल्या पानापासून म्हणालास?"

"सत्त्याण्णव."

"आणि एकशे बारापर्यंत?"

"तुला कसं कळलं?"

"सोळा पानं. एक फर्मा." त्याने पुस्तक मागून घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि परत माझ्या हातात दिलं. "सत्त्याण्णवच्या तळाशी, कोपऱ्यात काय लिहिलंय?"

मुंगीएवढ्या अक्षरात पुस्तकाचं नाव होतं. शनीचं नव्हे, भलत्याच एका समुद्रकथेचं. दर सोळा पानांच्या जुडीवर ते असं छापतात, पुस्तकं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. दोन्ही एकाच आकाराची, एकाच छापखान्यातली. दोन्ही एकाच आठवड्यात सुटी होऊन त्याच्याकडे आली होती.

"मला तिथे नुसती रेघ दिसते," दादा म्हणाला. "पानांचे आकडे मोठे असतात. ते जुळवतो आणि शिवतो."

"कधीपासून?" वहिनीने विचारलं.

"वर्ष झालं असेल. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने होण्यातलं नाही."

"आणि मला आज कळतंय?"

मला स्वतःची लाज वाटली. लिफ्टच्या दोराची तुटलेली तार लांबून ओळखणारा मी. सख्ख्या भावाची नजर जात होती, आणि मी तिलाच लेखकाची छाती समजून वाहवा करत होतो.

"वाचनालयाच्या बाईंना कळव," दादा मला म्हणाला. "उद्याचा गठ्ठा पाठवू नका म्हणावं. लोकांच्या हातात चुकीचं पुस्तक जायला नको."

"मग तू काय करणार?"

"बसून राहीन."

"चाळीस वर्षांत हे तासभर रिकामे बसलेले मी पाहिले नाहीत," वहिनी म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

"तळाची ओळ मी वाचतो," मी म्हटलं. "रोज येतो. तू शीव."

"तू? तू वाचत बसशील आणि गठ्ठा वर्षभर इथेच राहील."

"फक्त तळाची ओळ."

त्याने उत्तरादाखल कात्री उचलली. दुसरं पुस्तक, म्हणजे ती समुद्रकथा, लांब शोधावं लागलं नाही. माझ्याच पिशवीत होतं, अजून न उघडलेलं. दादाने दोन्हींची शिवण उसवली. मी तळाचं नाव वाचायचं, त्याने जुडी लावायची. भोकं त्याच्या बोटांना आपोआप सापडत होती. शनीचं पुस्तक शिवून झालं.

समुद्रकथेत अडकलेली शनीची खरी सोळा पानं मी जाता जाता चाळली होती. कप्तान दार उघडतो, आत आठ जण बसलेले असतात आणि इंधनावर बैठक चालते. सोळाच्या सोळा पानं बैठक.

"एवढं काय होतं रे त्यात?" दादाने विचारलं. "मघाशी मी पानांचाच हिशेब करत बसलो. नीट सांग."

पुस्तक आता सरळ झालं होतं. गोष्ट मी दादाच्या बांधणीतली सांगितली.

"कप्तानाने यानाचं दार उघडलं," मी म्हटलं, "आणि समोर समुद्र."

दादा हसला. समुद्रकथेच्या जुड्या त्याने पुढ्यात ओढल्या आणि रिकामी सुई दोऱ्यासकट माझ्यापुढे धरली.

"ओवून दे," तो म्हणाला. "मग?"