पायडलखालचा ठोकळा

बायको रोसविता गेल्याचे ओटमार ब्रिंकमनला कळले तेव्हा तो जिना पुसत होता. फेब्रुवारीतला मंगळवार होता आणि त्या आठवड्यात इमारतीचा जिना पुसायची पाळी त्यांच्या घराची होती. बादलीतले पाणी बदलायला तो वर आला आणि फोन वाजला. इस्पितळातली नर्स बोलत होती. तिने त्याला आधी बसायला सांगितले. तो बसला नाही. तिचे बोलणे संपल्यावर तो "बरं" म्हणाला, "आभारी आहे" म्हणाला, आणि बादली घेऊन पुन्हा खाली गेला. दोन मजल्यांचा जिना राहिला होता. तो पुसून झाला, मग त्याने कोट घातला.

पुढे मेहुणी मारलीसला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "तू माणूस आहेस की लाकूड?"  पाळी आपली आहे, एवढेच ओटमारला त्या वेळी सुचले होते.

ऑगस्टमध्ये मारलीसने पुन्हा विषय काढला. रोसविताच्या शिवणाच्या खोलीचे दार सहा महिने बंद होते. ओटमार तिथे जात नव्हता. धुतलेले कपडे वाळत घालायची घोडीसुद्धा त्याने स्वयंपाकघरात आणून ठेवली होती.

"विकून टाक एकेक करून," मारलीस म्हणाली. "तिच्या फोनवर ते ॲप आहे. ती नव्हती का पडदे विकायची, मुलांचे बूट विकायची?"

"ती विकायची. मला जमत नाही."

"अडतीस वर्षं बसचे ब्रेक दुरुस्त केलेस आणि एक फोटो काढता येत नाही होय?"

फोटो त्याने काढला. पहिल्यांदा मशीनच विकायची असे त्याने ठरवले होते, कारण सगळ्यांत जड तीच होती. ती एकदा गेली की बाकीचे आपोआप जाईल असे त्याला वाटले. हिरव्या रंगाची, लोखंडी अंगाची जुनी विजेवरची मशीन. त्याने ती पुसली, तेल घातले, पायडल दाबून पाहिले. नेहमी चालायची तशीच ती चालली. तेव्हा त्याने लिहिले: चालू स्थितीत, सगळे व्यवस्थित.

आता या देशात जुनी वस्तू विकणारा प्रत्येक माणूस जाहिरातीच्या शेवटी एक वाक्य लिहितो. तीन युरोच्या सपाता असोत की कपाट असो, ते वाक्य ठरलेले: खासगी विक्री, हमी नाही, वस्तू परत घेतली जाणार नाही. ते लिहिले नाही तर वस्तूत काही खोट निघाल्यावर विकणाऱ्याच्या गळ्याशी येते. रोसविता ते कधी विसरली नाही. ओटमारनेही एका बोटाने ते टाइप केले. मग त्याने जाहिरात वाचली. वर तिच्या मशीनचा फोटो होता, फोटोत कोपऱ्यात तिची खुर्ची आली होती, आणि खाली लिहिले होते, परत घेतली जाणार नाही. त्याने ते वाक्य पुसले आणि जाहिरात टाकली.

मग संदेश येऊ लागले. खाते रोसविताच्या नावाचे होते, त्यामुळे सगळे तिलाच लिहीत.

"हॅलो रोसविता, अजून आहे का?"

"रोसविता, शेवटचं काय घेशील?"

"निघालोच आहे, अर्ध्या तासात पोचतो." हा माणूस कधीच आला नाही.

जन्मात न पाहिलेली माणसे त्याच्या बायकोला अरे-तुरे करत होती. पहिल्या तिघांना त्याने लिहिले, "मी तिचा नवरा." त्यातल्या एकीने विचारले, "मग तिला विचारून सांग ना." त्यानंतर त्याने दुरुस्त करणे सोडले. आहे, नाही, किंमत तीच, एवढेच तो लिहू लागला. संध्याकाळी फोन वाजला की त्याचे खांदे आपोआप खाली येत.

शेवटी ओस्नाब्रुकच्या वीब्के नावाच्या बाईने मशीन घेतली. ओटमारने जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून ती खोक्यात भरली, मध्ये पाच वेळा टेकवत तीन जिने उतरवली आणि पार्सलच्या दुकानात दिली. घरी येऊन त्याने शिवणाच्या खोलीचे दार उघडे ठेवले. टेबलावर मशीनच्या जागी धुळीचा चौकोन होता. तोही त्याने पुसला. त्या दिवशी त्याला गाढ झोप लागली.

पाचव्या दिवशी संदेश आला.

"हॅलो रोसविता, मशीन मिळाली, पॅकिंग छान होतं. पण ती फारच हळू चालते. जाड कापडावर तर अडकूनच बसते. मोटर गेलेली दिसते. तू हे लिहिलं नव्हतंस. मला परत पाठवायची आहे. वीब्के."

खाली ॲपची दोन बटणे होती. वस्तू परत घेतो. परत घेत नाही, कारण लिहा. तीन दिवसांची मुदत होती.

ओटमार उभ्याचा खुर्चीत बसला. मोटर गेलेली नव्हती. काय झाले आहे ते पहिल्याच ओळीत त्याच्या लक्षात आले होते. तो ठोकळा.

सहा वर्षांपूर्वी रोसविताच्या उजव्या पायातली जाणीव कमी झाली. पायडल किती दाबले ते तिला कळत नसे. मशीन सुसाट सुटे, आणि एकदा सुई तिच्या नखातून आरपार गेली. त्या शनिवारी ओटमारने बीच नावाच्या झाडाच्या कठीण लाकडाचा एक ठोकळा कापला, घासला आणि दोन स्क्रूंनी पायडलच्या खाली आतून बसवला. पायडल अर्धेच दबू लागले, मशीन अर्ध्याच वेगाने चालू लागली. "आता ही म्हशीसारखी चालते," रोसविता म्हणाली होती, आणि त्याच चालीवर तिने सहा वर्षे शिवले. ओटमारच्या कानाला तोच वेग इतका बसला होता की विकताना ठोकळ्याची आठवणच त्याला झाली नाही. ती खोट आहे हे त्याच्या डोक्यात आले नाही.

रविवारी मारलीस कॉफीला आली. येताना तिने बटर केक आणला होता. ओटमारने फोन तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावून सगळे वाचले, मग स्क्रीन वर सरकवून जाहिरात वाचली.

"ते वाक्य कुठाय?"

"नाही टाकलं."

"नाही टाकलं म्हणजे? अरे, शाळकरी पोरं मोजे विकतात तीसुद्धा टाकतात!"

"टाकलं होतं. काढलं."

"का?"

त्याने केकचा तुकडा काट्याने दोनदा उलटापालटा केला. "बरं दिसत नव्हतं."

मारलीसने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "बरं, ते गेलं. आता नाही म्हण. लिही की इथे चालत होती, वाटेत काय झालं देव जाणे."

"खोटं आहे ते."

"मग घे परत. तीन जिने चढव आणि ठेव डोक्यावर."

"ते नाही होणार माझ्याच्यानं," ओटमार म्हणाला. "एकदा नेली खाली. पुन्हा वर येऊन त्या टेबलावर बसली तर मी ती दुसऱ्यांदा नाही नेऊ शकत."

मग त्याने तिला ठोकळ्याचे सांगितले. मारलीसने ऐकले आणि हात पसरले. "हात्तिच्या! मग लिही ना तिला. पायडल उलटं करा, दोन स्क्रू काढा, लाकूड फेकून द्या. दोन मिनिटांचं काम, आणि मशीन तिथेच राहील."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर लिही!"

"लिहितो."

मारलीस गेल्यावर त्याने लिहायला घेतले. पायडल उलटे करा. स्क्रू काढा. इथपर्यंत बोट चालले. पुढचे लाकडाचे वाक्य लिहून झाले की तो ते पुसत होता. त्याने तो ठोकळा तीन वेळा घासला होता, कड कुठे लागू नये म्हणून, आणि आता एका अनोळखी बाईला तो काढून टाका म्हणून सांगायचे होते. न सांगावे तर मशीन परत येणार होती. सोमवार असाच गेला. मंगळवारी मुदत संपणार होती. मंगळवारी सकाळी त्याने लिहिले: "काही उघडू नका. परतही पाठवू नका. मी आज येऊन दुरुस्त करतो. पत्ता पार्सलच्या पावतीवर आहे माझ्याकडे. ब्रिंकमन."

उत्तर लगेच आले. "इतक्या लांब? खरंच?? ठीक आहे, दोननंतर."

आगगाडीने दीड तास लागला. सोबत फक्त स्क्रू-ड्रायव्हर आणि पाव-चीजचा डबा होता. डबा त्याने उघडला नाही.

दार एका उंच, दाढीवाल्या माणसाने उघडले. त्याच्या मागे वीब्के उभी होती, पस्तिशीची, केस रुमालात बांधलेले, हाताला डिंक लागलेला.

"रोसविता नाही आल्या?" तिने विचारले.

"ती वारली," ओटमार म्हणाला. "फेब्रुवारीत. खातं तिचं आहे. मी ओटमार ब्रिंकमन."

वीब्केने तोंडावर हात ठेवला. "आणि मी तुम्हाला... मी तर 'तू' लिहिलं, मोटर गेली लिहिलं..."

"सगळेच लिहितात."

"खरं सांगू का, ब्रिंकमनसाहेब, मी घाबरले होते," ती घाईने म्हणाली. "जुन्या मशीनसाठी कोण घरी येतं? म्हणून त्यार्कला मुद्दाम घरी थांबवलं. हा म्हणाला, नक्की कुणीतरी भामटा असणार."

"आणि वर बिलेफेल्डहून येतो म्हणे," दाढीवाला त्यार्क वातावरण सैल करायला म्हणाला. "बिलेफेल्ड नावाचं गाव आहे तरी का?"

बिलेफेल्ड अस्तित्वातच नाही हा विनोद ओटमारने तीस वर्षांत हजारदा ऐकला होता. "नसतं तर मला गाडीत जागा मिळाली असती," तो म्हणाला. त्यार्क मोठ्याने हसला आणि बाजूला झाला.

मशीन खिडकीशी एका दणकट टेबलावर होती. बाजूला ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचे तुकडे रचलेले होते. वीब्के त्यांच्या पिशव्या शिवत असे. ओटमारने गुडघे टेकले, पायडल ओढून घेतले आणि उलटे केले.

"मोटर चांगली आहे," तो म्हणाला. "मीच तिला अडवून ठेवलंय. बायकोच्या पायासाठी. तिला दाब कळत नव्हता."

 पहिला स्क्रू सहज निघाला. दुसरा अडला, आणि ओटमारच्या मनात आले, नाहीच निघाला तर बरे. मग तोही निघाला. ठोकळा त्याच्या तळहातावर आला. त्याने तो कोटाच्या खिशात टाकला, पायडल सरळ केले आणि उठताना टेबलाचा आधार घेतला.

"बघा चालवून."

वीब्के बसली. तिने ताडपत्रीची दुहेरी घडी सुईखाली घेतली आणि पायडल दाबले. मशीन धडधडत सुटली. हा आवाज ओटमारने सहा वर्षांत ऐकला नव्हता. रविवारी सकाळी तो वर्तमानपत्र वाचत असे आणि बंद दारामागून हाच आवाज येत असे, तेव्हा रोसविता पन्नाशीत होती आणि तिचे पाय धड होते. आजारपणातला हळू आवाज तो पाठ करून बसला होता. हा त्याच्या आधीचा होता, आणि हा आपण विसरलो होतो हे त्याला इथे, परक्याच्या घरात कळले.

वीब्केने पाय उचलला. "बाप रे, काय पळते!" मग तिने वळून त्याच्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा बदलला. ती नवऱ्याला म्हणाली, "त्यार्क, कॉफी टाक." आणि ओटमारला म्हणाली, "ऐका. परत न्यायची असेल तर अजूनही न्या. मी अर्ज केलेलाच आहे, तुम्ही फक्त हो म्हणा. मला दुसरी मिळेल. त्यार्क गाडीत घालून तुमच्या दारात आणून देईल."

"वरसुद्धा चढवून देईन," स्वयंपाकघरातून त्यार्क म्हणाला. "म्हणजे ते गाव सापडलं तर."

ओटमारने मशीनकडे पाहिले. हो म्हणायला फार सोपे होते. बटण त्याच्या खिशातल्या फोनवरच होते.

"नको," तो म्हणाला. "मला शिवता येत नाही."

"तसं नाही हो, ठेवायला."

"तिने ती कधी नुसती ठेवली नाही. तुम्ही शिवा. तेल दर महिन्याला, वरच्या दोन भोकांत. जास्त नको."

वीब्केने फोन काढला आणि अर्ज मागे घेतला. ओटमारच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो बाहेर काढला नाही. अर्धा कप कॉफी पिऊन तो निघाला. निघताना दाराशी वीब्केने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला, तेव्हा तो "गाडी चुकेल" म्हणाला.

घरी पोचला तेव्हा अजून उजेड होता. मारलीसचा फोन आला. "काय झालं? येतेय का परत?"

"नाही."

"सुटलास! मग उद्यापासून बाकीचं काढ. एका दमात उरक सगळं."

"बघू," तो म्हणाला.

फोन ठेवून तो शिवणाच्या खोलीत गेला. टेबल रिकामे होते. दारामागच्या खुंटीवर खालच्या मजल्यावरच्या दुडेकबाईंचा तपकिरी स्कर्ट हँगरला लटकत होता. खालची दुमड घालून द्यायला त्यांनी तो जानेवारीत आणून दिला होता. रोसविताने माप घेऊन टाचण्या लावल्या होत्या. दुडेकबाईंनी तो कधी मागितला नाही, आणि ओटमारनेही नेऊन दिला नव्हता. दुमड घालायची अजून राहिली आहे.