सात्विकचं कोरं रक्त

बारशाच्या दिवशी सोनाराने कान टोचले आणि माझं रक्त थांबेना, तेव्हा आमच्या रक्तातला दोष घरच्यांना कळला. म्हणून धाकट्या सात्विकचे कान टोचलेच नाहीत. त्याला शाळेतही धाडलं नाही, मास्तर घरी यायचे. मी मात्र आमच्या सरस्वतीपुरम वस्तीतल्या पोरांत खेळलो, पडलो, प्रत्येकाची सर्दी घरी आणली. पडून पडून सांध्यात रक्त साकळलं, आता उजवा गुडघा वाकत नाही. आमच्या शिवणकामाच्या दुकानात मी नुसता कापड बेततो, मशीन सात्विक चालवतो.

यंदा हॉस्पिटलात एका नव्या औषधाची चाचणी निघाली. डॉक्टर श्रीविद्यांनी समजावलं की, एका निरुपद्रवी विषाणूला आतून रिकामा करायचा, आमच्यात नसलेलं जनुक त्यात भरायचं आणि तो शिरेतून सोडायचा. तो ते यकृतापर्यंत पोचवतो. मग रक्त आपलं आपण गोठू लागतं, रोजच्या सुयांचा जाच कमी होतो. मी हुरळून गेलो. विषाणू म्हटल्यावर सात्विकला मात्र घाम फुटला.

काल आम्हा दोघांच्या रक्ततपासणीचा निकाल आला. तसलाच विषाणू मला कधीतरी, कळूही न देता, भेटून गेलाय म्हणे. शरीर त्याला ओळखून आहे, औषध दारातच मारून टाकेल. सात्विकचं रक्त कोरं होतं. ज्याला हवं होतं त्याला नाही, आणि घाबरटाला मिळणार. मला भयंकर राग आला.

आई, जमुनाबाई, म्हणाली, "मीच याला बाहेर सोडलं." डॉक्टर म्हणाल्या, यात कुणाचीच चूक नाही. आईला ते पटलेलं दिसलं नाही.

"अण्णाला नाही, तर मलाही नको," सात्विक म्हणाला.

एवढा मोठेपणा ऐकायचं त्राण माझ्यात नव्हतं.

"साकु रे, पुरे झालं," मी म्हणालो. "आईला पासष्ट लागलं. अजून मला तीच धरून उठवते. उद्या कोण उठवणार? मी दमलोय. तू बरा हो आणि मला सांभाळ."

मग त्याने डॉक्टरांना विचारलं, कधी यायचं. मला उठवायला त्याने हात पुढे केला, तर आईने तो मागे ओढला. जड उचललं की त्याचाही सांधा सुजतो.

तिनेच मला उठवलं.