काही न विचारणारे बाबा

टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर बाबा बसत, आणि सकाळी आठलाच त्यांची रांग जिना उतरून फुटपाथवर आलेली असे. दुकानदाराने वैतागून फुटपाथवरचे टायर आत घेतले, मग त्याच्या लक्षात आलं की लोक टायरवर बसतात आणि बसलेला माणूस गिऱ्हाईक होऊ शकतो, म्हणून त्याने ते परत बाहेर मांडले. बाबांचा पहिला खरा चमत्कार हाच म्हणायचा.

"अहो, त्या सतरा नंबरच्या बाईंना काय काय सांगितलं! मुलगा परदेशात, सुनेशी पटत नाही, आणि गुडघा डावा. डावा हो! आणि तोंडातून एक प्रश्न नाही!" रांगेतलं कुणीतरी रोज असं सांगत असे.

हीच बाबांची ख्याती. हवेतून काही काढणं नाही, निखाऱ्यांवर चालणं नाही. बाबा फक्त काही विचारत नसत. भिंतीवर हातभर अक्षरांत पाटी होती: 'विचारतो तो अज्ञानी. जाणतो तो विचारत नाही.'

ती पाटी माझ्या पोटावर पाय देणारी होती. मी तीस वर्षं स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागे काढली. "गाडी वेळेवर आहे का?" "उशीर असेल तर किती?" समोरून गाडी गेलेली पाहून, तिच्या धुरळ्यात उभं राहून "गेली का हो?" विचारणारे सज्जनही मी पाहिले. त्या पाटीच्या हिशेबाने मी उभा जन्म अज्ञानी लोकांत घालवला, आणि खरं सांगतो, बरा घालवला.

लोकांना बाबा हवेत तर असू द्यावेत, असं म्हणून मी गप्प बसलो असतो. पण एका संध्याकाळी माझी धाकटी बहीण आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून म्हणाली, "दादा, गुरुवारचं ऑपरेशन मी रद्द करणार आहे."

तिच्या छातीत गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी उशीर करू नका असं बजावून गुरुवारची तारीख दिली होती.

"का?"

"बाबा म्हणाले, शस्त्र लावू नकोस. मंतरलेलं पाणी घे, गाठ आपोआप विरघळेल."

"साखर आहे का ती विरघळायला?"

"चेष्टा करू नकोस. त्यांना आईचं माहीत आहे, दादा. म्हणाले, तुझी आई ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही, तुला ती वाट नको. त्यांना कोणी सांगितलं? एक शब्द विचारला नाही त्यांनी. आणि ती डॉक्टरीणबाई! पाळी कधी गेली, आईला काय होतं, गाठ कधी लक्षात आली, दुखते का. एवढी शिकली, आणि सगळं मलाच विचारते!"

आई गेली तेव्हा धाकटी अकरा वर्षांची होती. आमच्या आईचं मरण कुणीतरी उचलून तिच्यावरच उगारलं होतं.

"तिथे तुला कोणीच काही विचारलं नाही?"

"कोणीच नाही."

"बाहेर बसली होतीस तेव्हा?"

"बाहेर कोण विचारणार? एक विणणाऱ्या मावशी होत्या. त्यांच्याशी आपलं इकडचं तिकडचं."

इकडचं तिकडचं! खिडकीमागे मी हेच शिकलो होतो. लोक ज्याला इकडचं तिकडचं म्हणतात, त्यात त्यांचं अख्खं घर असतं. गाडी लेट असली की माणूस पाच मिनिटांत जावयाच्या नोकरीपर्यंत येतो, आणि नंतर त्याला आठवतही नाही की तो बोलला.

एवढ्यात भाजी चिरता चिरता आमची बायको म्हणाली, "त्या बाईचं विणकाम मात्र कच्चं हं. दोनदा गेले मी हिच्याबरोबर. पंधरा दिवसांपूर्वी निळा मफलर वीतभर होता, परवाही वीतभरच. विणते काय, उसवते काय!"

मी बायकोकडे पाहिलं. मग धाकटीकडे. धाकटी शाळेत गणित शिकवते. नुसतं उत्तर लिहिलं आणि पायऱ्या नाही दाखवल्या की मार्क कापते, हेडमास्तरांच्या मुलाचेसुद्धा.

"एखाद्याने एकही पायरी न लिहिता बरोबर उत्तर आणलं, तर तू काय समजतेस?"

"कॉपी," ती सवयीने म्हणाली. मी म्हटलं, सोमवारी मीच बाबांकडे नंबर लावतो. ती म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबते. पण मी तिथे समोर बसणार."

सोमवारी मी नंबर घेतला. एकवीस. धाकटी आत पहिल्या रांगेत जाऊन बसली. बायको बाहेरच, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून, पेपरात तोंड लपवून.

"बसा ना काका," मावशींनी वीतभर मफलर सरकवला. "लांबून आलात?"

"हो ना."

"एकटेच?"

मी उसासा सोडला. "एकटाच. बायको जाऊन सहा वर्षं झाली."

दोन खुर्च्यांपलीकडे पेपर चुरगळल्याचा आवाज आला.

"अरेरे! कशाने हो?"

याची तयारी मी केली नव्हती. "पोहायला गेली होती," मी म्हणालो. आमची बायको बादलीतल्या पाण्यालाही जपून हात लावते.

"मुलंबाळं?"

"सात." आम्हाला एकच आहे, आणि तेवढं पुरलं.

"चालायचंच," मावशी म्हणाल्या, लोकरीची पिशवी माझ्या बाजूला जरा सरकवली, आणि एक टाका चुकवत विचारलं, "तुमचा नंबर कितवा?"

रांगेत याहून निरुपद्रवी प्रश्न असतो का? पण सगळी चावी त्यातच होती.

आत बाबा डोळे मिटून ध्यानात होते. दर दहा माणसांनंतर अर्धा तास ध्यान, असा नेम. डोळे न उघडता ते गरजले, "एकवीस!"

मी पुढे झालो.

"सात लेकरांचा बाप! तरी घर सुनं. मला पाणी दिसतंय. खोल पाणी. सहा वर्षं झाली, त्या पाण्याने तुझी लक्ष्मी नेली. रडू नकोस. ती वरून तुला बघते आहे."

सगळा हॉल हळहळला. धाकटीने वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"वरून नाही, मागून बघतेय," दारातून आवाज आला.

आमची बायको उभी होती. तिच्या हातात लोकरीची पिशवी, आणि पिशवीच्या बंदाला लोंबकळत मावशी. "अहो, माझी पिशवी! सोडा!" बायकोने पिशवीत तोंड घातलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "हॅलो! मी बुडालेली बोलतेय!"

बाबा कान धरून गादीवरून उडाले. त्यांच्या जटांतून घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी खाली पडलं.

धाकटीने ते उचललं, कानाला लावलं, ऐकलं. मग ती मावशींसमोर जाऊन उभी राहिली. "आईचं मी तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही माझा हात धरला होता."

मावशी मफलरचे टाके उसवू लागल्या.

पिशवीत चालू फोन, जटांत कानातलं यंत्र, आणि अर्ध्या तासाचं ध्यान म्हणजे अर्धा तास डोळे मिटून ऐकणं. बाबा विचारत नव्हते, कारण विचारायला माणूस ठेवला होता. एवढं समजावून सांगितल्यावरही एक गृहस्थ म्हणाले, "पण यंत्रातून बाबांनाच कसं ऐकू आलं? तुम्हाला आलं का?" त्यांच्यापुढे मी हात टेकले.

तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्याबद्दल सगळं न विचारता सांगणारा भेटला, तर भारावून जाण्याआधी आठवून बघा, आपण कुणाकुणाशी बोललो. आणि जो तुम्हाला विचारतो, त्याला कमी लेखू नका. ज्याला खरंच जाणून घ्यायचं आहे, तोच विचारतो.

गुरुवारी सकाळी ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाई खाटेजवळ आल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "काही विचारायचंय?"

धाकटीने उशीखालून वहीचा कागद काढला. त्यावर अकरा प्रश्न होते, क्रमांक घालून. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.

"पहिला प्रश्न," धाकटी म्हणाली. "माझ्याबद्दल तुम्हाला काय माहीत नाही?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली फाईल मिटली. "गाठ नेमकी कसली आहे, ते. काढून तपासल्यावरच कळेल. आत्ता मी काहीही सांगितलं तर तो अंदाज असेल."

धाकटीने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"मग काढा," ती म्हणाली.