अकरा नंबरचं घर

पुष्पावतीला घर हवं होतं ते मुख्यतः न्हाणीसाठी. कुणाला हसू येईल. पण जिनं नऊ वर्षं दोन खाटांना लुगडं बांधून त्याच्या आडोशाला अंघोळ केली, तिला विचारून पाहा. श्रीगोंद्यात धान्याच्या दुकानामागे, मालकाच्या गोठ्याला लागून एक खोली. तीत ती आणि पंचायत समितीत कारकून असलेला तिचा नवरा सूर्यभान राहत. मालकाचा गडी धार काढायला यायच्या आत अंघोळ उरकली तर उरकली, नाहीतर दिवसभर पारोसं राहायचं.

गावाबाहेर, काष्टीच्या रस्त्याला शिक्षक-कारकुनांच्या गृहनिर्माण संस्थेची कॉलनी उभी राहत होती. सरळ आखलेले रस्ते, एकसारखी वीस घरं आणि प्रत्येक घरात आतून कडी लावता येईल अशी न्हाणी. सोडतीत सूर्यभानची चिठ्ठी निघाली एकविसावी! पुढची घरं दुसऱ्या टप्प्यात, आणि दुसरा टप्पा कधी, ते एक देवाला माहीत. तोवर यादीत नाव टिकवायचं, तर रविवारचं श्रमदान चुकवून चालत नव्हतं.

श्रमदान होतं विहिरीचं. वर्ष दुष्काळाचं, गावचा नळ तिकडं पोचत नव्हता, म्हणून सभासदांनीच विहीर खणायला घेतली. त्यांत खरा जाणकार एकच, शाळेतले आसाराम भिंगारदिवे मास्तर. त्यांच्या बापानं पंचक्रोशीतल्या विहिरी खणल्या होत्या आणि पोरपणी तेही त्याच्याबरोबर उतरले होते. सगळ्यांत आधी दोर धरून खाली जात ते मास्तरच. सोडतीत त्यांना अकरा नंबरचं घर लागलं होतं.

वर मातीच्या पाट्या हातोहात पुढं द्यायला बायांची रांग असे. त्यात मास्तरांची बायको राहीबाई आणि तिच्या शेजारी पुष्पावती. "वैनी, पाटी धरताय का तान्हं पोर?" असं म्हणून राहीबाई तिला हसवायची. पुष्पावती हसायची, तिच्या हातातली पाटी घ्यायची; पण तहान लागली की घरून आणलेल्या तांब्यातलंच पाणी प्यायची. पाटीला विटाळ नव्हता, तांब्याला होता. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं कधी तपासूनही पाहिलं नव्हतं.

सात परस खोलीवर पाणी लागलं. खालून मास्तरांनी आरोळी ठोकली तेव्हा काठावर एकच जल्लोष झाला.

त्यानंतरच्या गुरुवारी पुष्पावती दारात बाजरी पाखडत होती, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष श्रीमंतराव एक कागद घेऊन आले.

"काय न्हाई वो सूर्यभानराव, सोयीचा प्रश्न हाय," ते खाटेवर टेकत म्हणाले. "हीर एक, आन् बाया काय-काय बोलत्यात. भिंगारदिवे मास्तरांना दुसऱ्या टप्प्यात चांगली कोपऱ्याची जागा देऊ. तुमी हितं सही केली, की अकरा नंबर तुमचा. रईवारी जलपूजन हाय, हिरीची ओटी वैनींनीच भरायची."

कागदावर जातीचा शब्दही नव्हता. 'पाण्याच्या सोयीस्तव सभासदांत अदलाबदल' एवढंच. श्रीमंतराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

सूर्यभाननं पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "मास्तरांना इचारलं का?"

"त्यांना आमी सांगू की."

त्यानं बायकोकडं पाहिलं. पुष्पावतीनं सूप खाली ठेवलं. नऊ वर्षांच्या पहाटा तिच्या डोळ्यांपुढून सरकल्या. "करा की सही," ती म्हणाली. "मास्तर शिकलेलं मानूस हाय, घेतील समजून."

सही झाली. दुसऱ्या टप्प्याची विहीर कोण खणणार, हे कुणी विचारलं नाही.

रविवारी सकाळी काठावर सगळी कॉलनी जमली. पुष्पावती खण-नारळाचं ताट घेऊन पुढं उभी होती, आणि समोरून राहीबाई आली. नवं लुगडं, कमरेवर घासून लख्ख केलेली घागर, शेजारी मास्तर. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम प्रत्येकानं दुसऱ्यावर ढकललं होतं.

श्रीमंतरावांनी मास्तरांना बाजूला घेऊन कागद पुढं केला. मास्तरांनी तो दोनदा वाचला. बायांनी राहीबाईची वाट अडवली.

"आगं, पानी तर भरू द्या!" राहीबाई म्हणाली. तिनं पुष्पावतीला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "वैनी, तुमी तरी सांगा यांना. माती आपुन दोघींनी उपसली न्हवं?"

मान खाली घालून ओटी भरली असती, तर संध्याकाळी अकरा नंबरची किल्ली पुष्पावतीच्या हातात होती.

"राहीबाई," ती कसंबसं म्हणाली, "तुमचं घर मीच घेतलंय. ह्यांचा हात थांबला हुता. मी सही करायला लावली." आणि तिनं ताट पुढं केलं. "ही ओटी तुमी भरा. न्हाईतर माझा हात ह्या हिरीला लागायचा न्हाई."

"सूर्यभानराव, बायकोला आवरा!" श्रीमंतराव कडाडले. "यादीतनं नाव जाईल!"

"आवरायचं तर मी सोताला आवरायला हवं हुतं, गुरुवारीच," सूर्यभान म्हणाला. "जाऊ द्या नाव. माझी सही मी मागं घेतो."

राहीबाईनं ताट घेतलं नाही. "आज बोललात, बरं केलंत. पर गुरुवारी मी याद आले न्हाई का वो तुमाला?"

"आला हुतात," पुष्पावती म्हणाली. "म्हनून तर घाई केली."

मास्तरांनी कागद घडी करून श्रीमंतरावांना परत दिला. "चिठ्ठी माझ्या नावाची निघाली आहे," ते शांतपणे म्हणाले. "उद्यापासून रोज शाळा सुटली की किल्ली मागायला येईन. किती दिवस नाही म्हणता, ते पाहू." आणि ते राहीबाईला घेऊन गेले. घागर रिकामीच होती.

त्या दिवशी विहिरीची ओटी कुणीच भरली नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी मास्तर श्रीमंतरावांच्या दारी येतात आणि उद्या या, असं ऐकून परत जातात.

पुढच्या महिन्यात संस्थेची सभा आहे. सूर्यभाननं एक कागद लिहिलाय. त्यात सोयीची भाषा नाही, जातीपायी घर नाकारलं असं स्वच्छ लिहिलंय. तो घेऊन पुष्पावती दारोदार हिंडते आहे. मास्तर आणि श्रीमंतराव सोडून अठरा घरं. दोघांनी सही केली. उरलेल्या सोळा दारांत तिला चहा मिळाला, बसायला पाट मिळाला आणि एकच उत्तर मिळालं: "आमचा काही विरोध नाही हो, पण बाकीचे काय म्हणतात ते बघा."

वाचकहो, हे वाचताना आपल्यालाही असाच कुणी 'बाकीचा' शेजारी आठवला असेल, तर सतरावं दार आपलं आहे.