पाईचा उतार

आईची भोपळ्याची पाई गेली अकरा वर्षं तिरकी होत होती. एका कडेला सारण दोन बोटं, समोरच्या कडेला जेमतेम अर्धं. पानगळ सुरू झाली की आमच्या गल्लीत झाडांखाली लांबलचक टेबल मांडतात, घरटी एक पदार्थ येतो. तिथे दर वर्षी त्या उतारावरून आईची थट्टा व्हायची. ती म्हणायची, "ओव्हन वाकडा झालाय, त्याला मी काय करू?"

यंदा आई नाही. बाबा म्हणाले, "पाई तिच्यासारखी झाली तर येईन. नाहीतर तुम्ही जा." गेल्या पाच महिन्यांत ते फाटकाबाहेर गेलेले नाहीत.

म्हणून सकाळी सातलाच, आईच्या वहीतल्या मापाने, आईच्याच ओव्हनमध्ये पाई केली. भाजलेला भोपळा गाळून घेतला, त्यात अंडी, साय, साखर, दालचिनी फेटली आणि सारण पारीत ओतलं. काठोकाठ बसलं, थेंब उरला नाही. तासाभराने बाहेर काढली तर पाई टेबलासारखी सपाट.

मी मामाला फोन केला. मामा सुतार, आईचा धाकटा भाऊ. तो पाणसळ घेऊनच आला.

"ताईने माझी अब्रू घालवली गं! दर वर्षी ओव्हन सरळ करून द्यायचो आणि दर वर्षी बाई तिरकी पाई घेऊन हजर. लोक विचारायचे, सुताराच्या बहिणीचा ओव्हन असा कसा?" त्याने पाणसळ ओव्हनवर टेकवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध. "बघ. ओव्हन सरळच आहे."

"मग वाकडं काय होतं?"

"तुझी आई," तो म्हणाला.

मग मी खण उपसायला लागले. लाटण्याच्या पिशवीच्या तळाशी एक लाकडी पाचर सापडली, भाजून काळपट झालेली. मामाने ती उलटसुलट केली.

"ही माझी. तुमचं दार बसवलं तेव्हाची. इतकी भाजली कशी?"

मी ती पाईच्या थाळीखाली सरकवली. थाळी कलली. सारण पातळ असताना ओतायचं, ते कललेलंच भाजून घट्ट होणार.

"मुद्दाम?" मामाचा आवाज चढला. "आणि बोलणी मी खाल्ली? कशासाठी?"

तेच मला कळत नव्हतं. आईला सगळं नेटकं लागायचं. उशीचा अभ्रासुद्धा सुरकुतलेला चालायचा नाही.

"पाई कापायचं कोण?" मामाने विचारलं.

"आईच. दुसऱ्या कुणाला सुरी द्यायची नाही. पहिला तुकडा बाबांना..." मी थांबले. अकरा वर्षांपूर्वीच बाबांची साखर वाढलेली निघाली होती. चारचौघांत कुणी लहान तुकडा दिला की ते ताट सरकवून द्यायचे. 'मी काय आजारी आहे?' पण वरून पाहिलं तर पाईचे सगळे तुकडे सारखेच दिसतात.

"दाजींना पातळ बाजू," मामा हळूच म्हणाला. "वस्ताद होती ताई."

दुसऱ्या भोपळ्याची पाई पाचर लावून केली. कललेल्या थाळीत सारण कमी मावलं, दोन डाव पातेल्यात उरलं. भिजवायला म्हणून पातेलं नळाखाली नेलं, पण पाणी न सोडताच सारणासकट बाजूला ठेवलं. हे पातेलं कायम बाबा घासायचे. आयुष्यात त्यांनी घासलेलं एवढं एकच भांडं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"तिरकी झालीय," मी त्यांच्या खोलीच्या दारातून सांगितलं. बाबा सदरा बदलून आले.

टेबलापाशी मी पाई कापली, पहिला तुकडा त्यांना दिला. त्यांनी बशी डोळ्यांसमोर धरून तुकडा बाजूने पाहिला.

"जमलं की तुला."

"काय जमलं?"

ते शांतपणे खात राहिले. शेवटचा घास झाल्यावर माझ्याकडे झुकून म्हणाले, "पातेलं घासलंस?"

"नाही अजून."

"राहू दे. मी बघतो."

मामाला ठसका लागला. मी बाबांकडे बघतच राहिले. वहीतलं माप तर आईने एवढ्या वर्षांत चमचाभरही कमी केलं नव्हतं.

"बाबा, पातेल्यातल्या सारणाचं आईला माहीत होतं?"

त्यांनी बशीतले कण बोटाने टिपले.

"चमचा तीच ठेवून जायची त्यात."